कोलशेतचा पिवळा घागरा

मी शिंपी. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. एक मशीन, एक फळी आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाक, झालं दुकान. पाटीवर लिहिलेलं, ‘त्र्यंबक टेलर, विजार स्पेशालिस्ट’. त्यातलं स्पेशालिस्ट रंगाऱ्यानं आपल्या मनानं घातलेलं, पण मी ते पुसायला लावलं नाही. कोर्टातले कारकून, शाळामास्तर, रेल्वेतले बाबू माझ्याकडे यायचे. चोळ्या-परकर घेऊन कुणी बाई आली की मी मान वर न करता शेजारच्या गल्लीकडे बोट दाखवायचो. मला माज होता म्हणा. होताच. ज्याच्या विजारीची शिवण उसवत नाही त्यानं थोडा माज केला तर कुणाचं काय गेलं?

देशाला स्वातंत्र्य मिळून दीड-दोन वर्षं झाली असतील. कापड रेशनवर होतं आणि धंदा निम्म्यावर आलेला, त्यामुळे डोकं आधीच तापलेलं असायचं. माघातल्या एका दुपारी एक उंच, काटक माणूस पायरीशी येऊन उभा राहिला. पाय फाकवून, जपून जपून चालत आला होता. बस म्हटलं तर बसेना. काखेतलं गाठोडं सोडून त्यानं माझ्या फळीवर एक घागरा टाकला.

लोकरीचा घागरा. हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, मागच्या बाजूला चुण्याच चुण्या, कडेला चामड्याचे दोन पट्टे. वास बकरीचा. मी नाक दाबलं आणि सवयीनं बोट दाखवलं, बायकांचं काम पलीकडे.

“यो बायकांचा नाय, शेट,” तो म्हणाला. “माजा हाय.”

हा गोविंदा. कोलशेतचा आगरी, तिथल्या खाडीकाठच्या मिठागरात काम करणारा. त्याचा बापही त्याच मिठागरात राबला आणि तिथेच म्हातारा झाला. बापाचे जे वाफे होते तेच पुढे गोविंदाकडे आले. वाफे म्हणजे बांध घालून केलेले चौकोन. खाडीचं पाणी त्यात घ्यायचं, उन्हानं आटू द्यायचं आणि तळाला धरलेलं मीठ लांब दांड्याच्या फावड्यानं ओढून काठावर लावायचं. कागदावर ते वाफे गोविंदाचे नव्हतेच, मालक वेगळा. पण टोळीत सगळ्यांना ठाऊक, हे गोविंदाचे. जोवर तो दर मोसमात उतरतो तोवर त्याचे. एक मोसम उतरला नाही की मुकादम दुसऱ्याला देणार, आणि एकदा गेलेला वाफा परत मिळाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

आणि त्या सालात त्याला उतरणं जमत नव्हतं. टोळीतले सगळे पुरुष आखूड कापडाचा कासोटा घालायचे, दोन पायांमधून घेऊन मागे घट्ट खोचलेला. ते कापड दिवसभर खारट पाण्यात भिजतं, उन्हात सुकतं, पुन्हा भिजतं. मिठाचे कण त्यात बसतात आणि मांडीला घासत राहतात. इतरांना त्याची सवय झालेली. गोविंदाच्या मांड्यांना मात्र जखमा झाल्या आणि त्या भरेचनात. डॉक्टरनं सांगितलं, पाण्यात जायचं नाही, बरं होईपर्यंत घरी बैस. घरी बसला तर बापाचे वाफे गेले. एवढी त्याची अडचण होती, आणि ती त्यानं मला अशी सांगितली की मीच ओशाळून पाण्याचा तांब्या पुढे केला.

पण घागरा आला कुठून? मला ते विचारल्याशिवाय चैन पडेना. लढाईच्या सालात, पावसाळ्यात मिठागर बंद असायचं तेव्हा गोविंदा कल्याणच्या लष्करी कॅम्पात लाकडं फोडायला जायचा. पुढे निर्वासित सिंधी लोक येऊन राहिले, तोच कॅम्प. तिथे एक म्हातारा गोरा होता. काखेत फुगवलेली पिशवी धरून बाजा वाजवायचा. बाकीचे गोरे विजारी घालत. हा एकटा घागऱ्यात. बाजा वाजवण्यापुरता नव्हे हो, सगळ्या कामाला. लाकडं फोडायला घागरा, गटार उपसायला घागरा, ट्रकच्या खाली सरपटत जायला घागरा. इतर हमाल तोंडावर फडकं धरून हसायचे. गोविंदा हसला नाही, तो बघत राहिला. चिखलात गुडघाभर उतरून गोरा वर आला की पाय पुसून मोकळा. बाकीचे संध्याकाळपर्यंत ओल्या विजारीत कुढत बसायचे.

मी आवाज खाली करून विचारलं, आत काय नेसायचा तो? खरं सांगतो, तुम्हीही विचारलं असतं.

“मी इचारला नाय,” गोविंदा म्हणाला. “त्यानं पन मना कवा इचारला नाय, मी काय नेसतंय.”

मी जीभ चावली.

गोरा परत जाताना तो घागरा याला देऊन गेला. घरी बायकोनं, बायजानं, तो थंडीत पोरांच्या अंगावर घातला, मग शेळीच्या करडाखाली. आणि यंदा मांड्या फाटल्या तेव्हा गोविंदाला तो आठवला. एक दिवस नेसून पाण्यात उतरला. लोकरीनं अर्धा वाफा पिऊन टाकला, त्याचेच शब्द. ओली घोंगडी कमरेला बांधल्यासारखं झालं. पण मांडीला कापड लागलं नाही! म्हणून तो माझ्याकडे आलेला. असाच शिवा, पण सुती.

मी म्हटलं, अरे बाबा, लुंगी गुंडाळ की. त्यावर त्यानं मला दुकानातच वाकून, फावडं ओढल्याचं सोंग करून दाखवलं. लुंगी ओली झाली की पायांना चिकटते. वर खोचली तर वाकताना उघडी पडते, आणि तिथे बांधावरून टोपल्या वाहणाऱ्या बायका सतत मागून-पुढून चाललेल्या. पाय मोकळा हवा आणि अब्रूही झाकलेली हवी. मी वादात सहसा हरत नाही, पण इथे हरलो.

घागरा ठेवून घेतला तो फक्त बघायला म्हणून. रात्री जेवण झालं तरी मी त्याच्याशीच खेळत होतो. बायको म्हणाली, ह्यांना चळ लागलाय. काय कारागिरी होती म्हणून सांगू! पुढे दोन सपाट पदर, एकावर एक. मागे चुण्या, त्या कमरेपासून ढुंगणापर्यंत टाचलेल्या आणि तिथून खाली मोकळ्या सोडलेल्या. वार न् वार कापड त्या चुण्यांत गडप झालेलं, पण वरून बघाल तर चौकडा कुठेही तुटलेला नाही. ज्यानं कुणी हे शिवलं त्याच्या हाताला माझा नमस्कार. एक चुणी उसवून बघितली, मग दुसरी, आणि सकाळपर्यंत माझ्या विजारी बाजूला राहून घागरा फळीभर पसरलेला होता.

कापडाचा प्रश्न गोविंदानंच सोडवला. कल्याणला कॅम्पातलं भंगार विकलं जायचं, त्यात फाटके तंबू असत. तंबूच्या आत अस्तर असतं, पिवळ्या रंगाचं सुती कापड, मऊ आणि टिकाऊ, आणि रेशनच्या कचाट्यात न येणारं. तेच तो घेऊन आला. मी निम्म्या कापडात भागवलं, चुण्या कमी केल्या, लांबी गुडघ्यापर्यंत ठेवली आणि पट्ट्यांच्या जागी जाड बंद लावले. खाडीवर वारा फार, पुढचा पदर उडायचा. त्यासाठी गोविंदानं जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि मी त्या खालच्या दुमडीत शिवून टाकल्या. माझ्या हातचा पहिला घागरा. दुकानाचं दार ओढून घेऊन त्याला नेसवून बघितला. बसला होता झकास. मी खूष, तो खूष.

रंगाचा विचार आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नाही. काय म्हणावं याला?

तो घागरा नेसून गोविंदा पाण्यात उतरला ते दिवस चैत्राचे. एकवीरेची यात्रा तोंडावर आलेली, गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी देवी. ठमाबाई नावाची म्हातारी टोपली घेऊन बांधावरून येत होती. तिला लांबून काय दिसलं? पाण्यात निश्चल उभा असलेला माणूस, कमरेला भंडाऱ्याच्या रंगाचा घागरा, वाऱ्यानं फुललेला, हातात उभा दांडा. बिचारा कंबर सरळ करायला दम खात उभा होता. ठमाबाईनं टोपली खाली ठेवली आणि तिथेच जमिनीला डोकं टेकलं.

दुपारपर्यंत सगळ्या मिठागरात झालं, गोविंदाला देवीनं धरलंय. पुरुष देवीचा झाला की घागरा नेसतो, हे त्यांनी कुठे कुठे बघितलेलं. मुकादम काळुराम, एरवी शिवीशिवाय न बोलणारा माणूस, त्यानं गोविंदाच्या हातून फावडं काढून घेतलं ते दोन्ही हातांनी, अदबीनं. देवीच्या माणसाकडून मीठ ओढून घेतलं तर पाप लागेल. त्याला बाभळीखाली बसवला, ठमाबाईनं पुढे नारळ ठेवला, बायका हळदकुंकू घेऊन आल्या. एकीनं हरवलेली नथ कुठे आहे ते विचारलं.

गोविंदा ओरडून सांगत होता, मना देवी नाय आली, मांडीला जखम आली. ऐकतंय कोण? ज्याच्यावर देवी येते तो आधी नाहीच म्हणतो, असं ठमाबाईनं सगळ्यांना समजावलं. जितका तो नाही म्हणे तितकी लोकांची खात्री पक्की होई.

तो माझ्याकडे आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं. आधी मला हसू आवरेना. मग तो म्हणाला, माझे वाफे तसेच पडलेत, मीठ धरलंय, ओढलं नाही तर काळं पडेल. काळुरामनं ठरवलंय, देवीच्या माणसाला कष्ट नको, येत्या मंगळवारी नारळ फोडून ते वाफे दुसऱ्याच्या हाती द्यायचे. लोकांनी हाकलला असता तर गोविंदा भांडला असता. पण त्याच्या पाया पडून त्याचं काम काढून घेत होते, तिथे भांडायचं कुणाशी? कासोट्यावर परत जावं तर मांड्या पुन्हा फाटणार. मी म्हटलं, रंग बदलू, काळा करून देतो.

“आता काला केला त म्हनतील, देवी कोपली,” तो म्हणाला, आणि बाकावर बसून राहिला.

मंगळवारी मी दुकान बंद ठेवलं आणि कोलशेतला गेलो. बायकोला सांगितलं, उधारी वसूल करायला चाललोय. कसली उधारी! मला राहवत नव्हतं. घागरा मी शिवलेला, आणि त्याच्यापायी एका माणसाचं बापाच्या हातचं काम जाणार, हे डोक्यातून जाईना. जाऊन मी काय करणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं. मिठागर मी तोवर लांबूनच बघितलेलं. जवळून बघितलं तर पांढऱ्या उजेडानं डोळे उघडवेनात.

टोळी बांधावर जमलेली. काळुराम नारळ घेऊन उभा. ज्याला वाफे मिळणार तो बाजूला अवघडून उभा होता, त्यालाही हे गोड वाटत नसावं. गोविंदा बाभळीखाली, पिवळ्या घागऱ्यात, मान खाली. मी पुढे होऊन सांगायला गेलो, हे तंबूचं कापड आहे, मी शिवलंय. काळुराम मला म्हणाला, बुद्धी तुम्हाला देवीनंच दिली, शेट. घ्या! माझी शिंपीगिरीही देवीच्या खात्यावर.

तेवढ्यात टोपलीवाल्या बायकांच्या रांगेतून एक जण बाहेर आली. डोक्यावर मिठानं भरलेली टोपली तशीच. ती बायजा, गोविंदाची बायको. तिनं टोपली उतरवली नाही. ठमाबाईच्या समोर जाऊन उभी राहिली.

“ठमाय, जरा खाली बग. तू काय नेसलीस? मी काय नेसलंय? लगीन झाल्यापासून कासोटा घालून मी हितं मीठ वाहतंय. बाप्यासारका नेसतंय म्हनून मना कवा कोन बाप्या म्हनला नाय. बाप्याची मजुरी पन कोन देला नाय. आन यानं कासोटा सोडला त लगेच देवी झाला?”

मी त्या बायकांकडे बघितलं. सगळ्यांची लुगडी गुडघ्याच्या वर चढवलेली, पायांतून घेऊन मागे घट्ट खोचलेली. माझ्या देखत रोज बाजारात अशा बायका यायच्या, मासळी आणायच्या. कपड्यांवर पोट भरणारा माणूस मी, पण हे असं कधी डोळ्यांसमोर मांडलंच नव्हतं कुणी. पुरुष सगळे पाण्याकडे बघत होते.

ठमाबाईनं खरोखरच खाली आपल्या कासोट्याकडे बघितलं. मग तिचं बोळकं हललं, ती हसत होती. म्हातारी बाभळीपाशी गेली, गोविंदाच्या पुढ्यात तिनंच ठेवलेला नारळ उचलला आणि आपल्या टोपलीत टाकला. नेईन घरी, कालवणाला होईल, असं काहीतरी म्हणाली. जिनं देवी आणली तिनंच ती परत नेली म्हटल्यावर काळुरामचं काय चालणार? त्यानं हातातल्या नारळाकडे बघितलं, गोविंदाला एक सणसणीत शिवी दिली आणि फावडं त्याच्या अंगावर टाकलं. ती शिवी ऐकून गोविंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही आलं, सांगायला लाज कसली.

तो मोसम त्यानं पुरा केला. मांड्या बऱ्या झाल्या. पुढच्या मोसमात टोळीतले आणखी चार-पाच जण तंबूचं कापड घेऊन माझ्याकडे आले, आधी रात्रीच्या अंधारात चोरून, आणि नंतर उघड. मला पाटीवर घागरा लिहायला सांगत होते काही टवाळ. मी लिहिलं नाही, पण शिवत राहिलो. काही वर्षांनी कोलशेतच्या बाजूला कारखाने उभे राहू लागले, मिठागरांवर भराव पडला. गोविंदाला एका फाटकावर पहाऱ्याची नोकरी लागली, विजारीची सक्ती असलेली. ती विजारही मीच शिवली, आणि ती घालून तो आरशात बघताना म्हणाला, हिच्यात वारा नाय, शेट.

पण त्या मंगळवारनंतरचं एक सांगायचं राहिलं. आठवडाभरानं बायजा दुकानात आली. हातात उरलेल्या अस्तराचं पिवळं कापड. मी म्हटलं, आणखी एक? टाकून जा, गोविंदाचं माप आहे माझ्याकडे.

“त्याचा नाय,” ती म्हणाली. “माजा.”

मला कळेना. मग तिनं सांगितलं, भिंतीकडे बघत, भाजीचा भाव सांगावा तसं. मांड्या तिच्याही फाटतात. दर मोसमात. ठमाबाईच्या फाटायच्या, सगळ्यांच्याच फाटतात. रात्री खोबरेल लावायचं आणि सकाळी टोपली उचलायची. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोललीस का नाहीस?

“कोनाला?” ती म्हणाली.

मी कात्री उगाचच उचलली आणि खाली ठेवली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, अगं, लोक आता तुझ्यावरही देवी आली म्हणतील.

“म्हनू दे की. मना पन बाबलीखाली बसवतील. येक दिस त बसन.”

टेप मी तिच्या हातात दिला, कमरेचं माप तिनं स्वतः घेतलं. जाताना बजावून गेली, चुण्या जास्त घाला, मी भराभर चालतंय. दोन दिवसांत शिवून दिला. शेजारच्या गल्लीकडे बोट दाखवायचं त्यानंतर मला जमलं नाही.

ती तो नेसली. लोक बघून बघून दमले आणि गप्प बसले. तिला बाभळीखाली कुणी बसवलं नाही. पहिल्या दिवशी तिनं थोडी वाट बघितली म्हणे, तिनंच मला हसत सांगितलं. मग काळुरामनं टोपली भरून तिच्या डोक्यावर दिली आणि म्हणाला, चल.